वरचा दात, खालचा जबडा

तोंडात न दुखणारी गाठ घेऊन, ती कुणाला न दाखवता जिभेनं चाचपत बसलेल्या माणसासाठी हे लिहितो आहे. मी तसाच दीड वर्ष बसलो होतो. दुखत नव्हती म्हणून बसलो, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं सांगितल्याशिवाय या लिहिण्याला अर्थ नाही, म्हणून तेही सांगणार आहे.

गाल

माझं काम नकाशे उतरवण्याचं. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा जुन्या कचेरीतून आम्हा काहीजणांना तिकडं पाठवलं. गावागावांचे नकाशे कापडावर उतरवायचे, जुन्या दप्तरातून नवं दप्तर वेगळं करायचं. दिवसभर मान खाली, उजव्या हातात पेन, डाव्या तळहातावर गाल टेकलेला. त्या तळहातालाच पहिल्यांदा कळलं, की जबड्याचं हाड कानाच्या खाली एका जागी फुगलंय.

मी दाढी वाढवली. कचेरीत थट्टा झाली. "काय सोनकांबळे, बैरागी होऊन राहिलात की काय?" मी हसलो. हसताना तोंड डावीकडं वाकडं जातंय हे आरशात दिसलं, मग हसणं कमी केलं. तसाही मी फार बोलणारा, हसणारा नव्हतो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बायकोच्या आलं. सुमननं एक दिवस ताट वाढलं आणि समोरच बसून राहिली. मी भाकरी दुधात कुस्करून उजव्या बाजूनं चावत होतो.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मला खुळी समजता का? एका अंगानं जेवताय तुम्ही. दाढी काढा आधी."

दाढी काढल्यावर ती बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड हाय ना तुम्हाला? सांगता येत नव्हतं?" आणि आत जाऊन भांडी घासत बसली. ते दुष्काळाचं साल होतं. भांडी ती राखेनं घासून फडक्यानं पुसायची. त्या दिवशी एकच पातेलं ती कितीतरी वेळ पुसत होती.

हे कुणाचं काम?

लातुरातल्या दाताच्या डॉक्टरनं खालची एक दाढ काढली. महिना झाला तरी जागा भरेना, पू येत राहिला. मग त्यानं फोटो काढायला लावला, तो खिडकीकडं धरून पाहिला आणि म्हणाला, "ही दाढेची गोष्ट नाही. हाडाची आहे. माझं काम नाही हे."

हाडाचा डॉक्टर म्हणाला, "मी हातपाय, कंबर बघतो. जबड्यात दात असतात, दातवाल्याकडं जा." कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं आरसा घालून घसा पाहिला, चांगला आहे म्हणाला आणि सोडून दिलं. दोन गावांच्या शिवेवरची विहीर कुठल्या नकाशात धरायची यावर आमच्या कचेरीत भांडणं व्हायची. माझ्या जबड्याचं तेच झालं होतं.

जबड्याचा वेगळा डॉक्टर असतो हे मला कुणा डॉक्टरनं सांगितलंच नाही. सांगितलं ते एका ट्रक ड्रायव्हरनं, अहमदपूरच्या बसस्टँडवर.

मी गावाकडं निघालो होतो. आमचं गाव उमरीजवळ, नांदेडच्या पलीकडं. कँटीनमध्ये एक सरदारजी बसले होते. ते रबरी नळीनं ताक पीत होते, आणि नळी त्यांनी गालाच्या कडेनं, शेवटच्या दाढेमागून आत सारली होती. दात सगळे मिटलेले. वरच्या आणि खालच्या दातांवर पट्ट्या आणि त्या पट्ट्या एकमेकींना बारीक तारांनी बांधलेल्या. मी आयुष्यात अनोळखी माणसाशी आपणहून बोललो नव्हतो. त्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"हे कुणी बांधलं?"

त्यांनी माझ्या गालाकडं पाहिलं, नळी काढली आणि मिटल्या दातांतून म्हणाले, "ट्रक पलटी झाला. तुझं काय पलटी झालं?"

"काही नाही. आपोआप फुगलं."

"नांदेडला जा. टेशनच्या मागं. बोर्डावर नुसतं दातच लिवलंय, पण त्यो जबडेवाला हाय. मुंबैत शिकून आलाय." मग पुन्हा नळी सारत म्हणाले, "पोट भरून जेवून जा मात्र. नंतर दीड महिना ताकच हाय."

म्हणून तुम्हाला सांगतो: गाठ जबड्यात असेल तर "तोंडाचा आणि जबड्याचा सर्जन" असं विचारा. दाताच्या डॉक्टरलाच विचारा, पण त्याच शब्दांत विचारा. तो माणूस असतो. बोर्डावर दिसत नसला तरी असतो.

निदान

जबडेवाले डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी दोन बोटांनी जबडा आतून-बाहेरून दाबला तेव्हा पापड दाबल्यासारखा आवाज माझ्याच कानात आला.

"हाड पातळ झालंय. आत पिशवी आहे, अक्कलदाढेभोवती. अजून सहा महिने थांबला असता तर भाकरी चावताना जबडा मोडला असता."

"कॅन्सर हाय का?"

"गाठीचा तुकडा तपासून आल्याशिवाय हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही." मग फोटो ठेवून त्यांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

"तपासणीचं कधी कळेल?" मी उलट विचारलं. तपासणीचा कागद मुंबईहून यायला तीन आठवडे लागणार होते.

त्या तीन आठवड्यांत मी घाबरलो नाही, आणि हीच गोष्ट मला जास्त भिववत होती. मनात एकच होतं: बरोबर आहे, तोंडालाच व्हायला पाहिजे होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. गावच्या आमच्या वस्तीतल्या विहारात अंधश्रद्धेवर दोनदा भाषण केलेला माणूस आहे मी. तरी वाटत होतं.

उरलेलं अर्धं

मी सात वर्षांचा असताना माझी वहिनी, गयाबाई, घरात आली. आई आधीच गेलेली. मला वहिनीनं वाढवलं. दादा आणि ती लोकांच्या शेतावर राबले म्हणून मी नांदेडला शिकलो. वस्तीतला नोकरीला लागलेला पहिला मी. त्यामुळं माझा शब्द म्हणजे छापील शब्द. कुणाला पत्र वाचून हवं असो, कुणाला गोळी घ्यावी की न घ्यावी कळत नसो, "किसनला इचारा."

नवा जिल्हा झाला त्या महिन्यात मी दोन दिवसांसाठी गावी गेलो होतो. वहिनीचा वरचा दात, डाव्या बाजूचा, महिनाभर ठणकत होता. डोळ्याखाली सूज होती. आमच्याकडं सगळे सांगतात, की वरचा दात काढला की डोळ्याची नस तुटते. तिलाही सांगितलं होतं. पण ती माझी वाट बघत थांबली होती.

"लोकं कायबी बोलतेत," ती म्हणाली. "तू शिकलेला. तू सांग, खरं हाय का खोटं? खोटं असंल तर उद्या मला नांदेडला घेऊन चल."

खोटं आहे हे मला माहीत होतं. ऐकीव नव्हे, पक्कं माहीत होतं. कॉलेजात असताना माझाच वरचा दात नांदेडच्या सरकारी दवाखान्यात काढला होता आणि त्याच डोळ्यांनी मी पुढं बारीक नकाशे उतरवत होतो.

पण लातूरला कुणाला कुठलं टेबल द्यायचं ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. वहिनीला नांदेडला न्यायचं म्हणजे आणखी तीन-चार दिवस. मला हजर राहायचं होतं, साहेबाच्या नजरेसमोर.

मी म्हणालो, "खरं हाय, वैनी. वरच्या दाताला हात लावू नको. लवंग धर."

तिनं लवंग धरली. मी सकाळच्या गाडीनं गेलो. मला हवं ते टेबल मिळालं, खिडकीजवळचं.

बारा दिवसांनी दादाचा निरोप आला. पू दातातून वर चढला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, पण डाव्या डोळ्याची नजर गेली. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन विचारलं, "दात वेळेवर काढला असता तर हे झालं नसतं. कुणी थांबवलं हिला?"

"गावाकडची माणसं, साहेब," मी म्हणालो.

हे माझं दुसरं खोटं. पहिल्यात घाई तरी होती. दुसरं मी अगदी शांतपणे बोललो.

पकड

कागद आला. कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल, हाड नाजूक आहे म्हणून सहा आठवडे दात तारांनी बांधून ठेवावे लागतील.

जवळ कोण राहणार हा प्रश्न आला. लातूरला आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही सांगून नाही. दोन लहान पोरं आणि रिकामे हंडे टाकून सुमन येऊ शकत नव्हती. तिनं मला न विचारता गावी पत्र टाकलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नांदेडला पोचलो तर दवाखान्याच्या पायरीवर वहिनी बसलेली. रोजगार हमीच्या खडीच्या कामावरून थेट आली होती. पदराला धूळ तशीच होती.

"दाढीत लई घाण दिसायलास," ती म्हणाली. मी पुन्हा दाढी वाढवली होती.

शुद्धीवर आलो तेव्हा तोंड उघडायला गेलो आणि उघडेना. हे कुणीतरी आधी सांगून ठेवलं तरी तो क्षण कठीणच. सगळं अंग तोंडाकडं धावतं. श्वास नाकानं घ्यायचा, एवढंच स्वतःला सांगत राहायचं. तासाभरानं जमतं. खरंच जमतं.

डॉक्टर आले, सोबत एक छोटी पकड घेऊन. तार तोडायची. त्यांनी ती वहिनीच्या हातात दिली.

"बाई, नीट ऐका. ह्यांना उलटी झाली आणि ती बाहेर पडेना झाली तर गुदमरतील. आम्हाला बोलवत बसायचं नाही. ह्या उभ्या चार तारा, ह्या इथं, कट् कट् तोडायच्या. सहा आठवडे ही पकड तुमच्याजवळ. झोपतानासुद्धा." मग ते तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबले. "दिसतं का तुम्हाला नीट?"

"एका डोळ्यानं सुई ओवते म्या."

"दुसऱ्याला काय झालं?"

"वरच्या दातावर गेलं. नशीब."

डॉक्टरांनी "वरच्या दातावर?" असं म्हणून माझ्याकडं पाहिलं, मी शिकलेला म्हणून. माझे दात बांधलेले होते. मी डोळे मिटून घेतले.

वहिनीनं पकड फडक्यात गुंडाळून कमरेला खोचली. मग मला तोंड दाखवायला लावून एकेका तारेला नख लावून मोजलं. "ही एक. ही दोन. ही तीन. ही चार. ध्यानात हाय."

पेज

आठ दिवसांनी आम्ही गावी गेलो, कारण लातूरपेक्षा तिथून नांदेड जवळ आणि विहिरीला अजून थोडं पाणी होतं. वहिनी ज्वारीची पेज फडक्यातून दोनदा गाळायची. वरणाचं वरचं पाणी, ताक, उसना आणलेला एखादा कप दूध. नळी दाढेमागून सारायची, सरदारजींसारखी. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, चिडचिड होते, रडूही येतं. सगळं पातळ पोटात गेलं तरी काहीतरी चावावंसं वाटतं. मी झोपेत तारा चावायचो.

शेजारणी बघायला यायच्या. एकजण म्हणाली, "गयाबाईच्या घराला दृष्ट हाय बाई. एक डोळा हिचा, एक जबडा ह्याचा."

वहिनी म्हणाली, "जबडा हाय जागेवर. बोलायचा बंद झालाय तेवढा. तसाबी कुठं बोलत व्हता?"

सगळ्या हसल्या. मीही नाकातून हसलो.

चौथ्या आठवड्यात शेजारची शांता आली, गालाला पदर लावून. पंचविशीची पोरगी. वरचा दात. गाल सुजलेला. नवरा नांदेडला न्यायला तयार होता, पण सासू दारातच उभी राहून म्हणाली, "ह्या गयाचा डोळा बघ, अन् मग दवाखान्याचं नाव घे. हिनं तर दाताला हातबी लावला न्हवता, तरी एक गेला. काढला असता तर दोनी गेले असते."

वहिनी शांताच्या तोंडाला हात लावून म्हणाली, "लवंग धर, माय. किसननं मला हेच सांगितलं व्हतं. त्यो शिकलेला हाय."

तारांमधून बोलता येतं. ओठ हलतात, शब्द चेपटे निघतात, पण कळतात. पेज गरम आहे, टँकर आला का, हे सगळं मी बोलत होतोच. त्या दिवशी मी बोललो नाही. माझ्या आजारपणातला सगळ्यात वाईट दिवस कुठला असं कुणी विचारलं तर ऑपरेशनचा नव्हे, हा.

बाकडं

सहा आठवडे झाले. नांदेडला डॉक्टरांनी तारा काढल्या. तोंड जेमतेम दोन बोटं उघडलं. वहिनी बाहेर लिंबाखालच्या बाकड्यावर बसली होती. मी शेजारी बसलो आणि थांबलो असतो तर पुन्हा थांबलोच असतो, म्हणून लगेच बोललो. दात काढल्यानं डोळा जात नाही हे मला माहीत होतं, माझा स्वतःचा वरचा दात काढलेला होता, मला लातूरच्या टेबलाची घाई होती, डॉक्टरांना मी "गावाकडची माणसं" म्हणालो. सगळं सांगितलं.

ती समोर बघत होती. रिक्षावाले ओरडत होते.

"तवा तुला ठावं व्हतं?"

"हाव."

"तू मला नेलं असतं तर डोळा राहिला असता?"

"हाव, वैनी."

 तिनं कमरेची पकड काढली, फडकं सोडून घडी केलं आणि पकड माझ्या मांडीवर ठेवली. "डाक्टरची हाय. वापस कर." उठली आणि स्टेशनकडं चालू लागली. मी मागं गेलो नाही. उमरीच्या गाडीला ती एकटीच बसली असणार.

मी लातूरला गेलो. सुमनला सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "माझ्यापाशी बोलून काय होणार आता?" आणि हंडे घेऊन रांगेत गेली.

तपासणी

आठवड्यानं तपासणी होती. नांदेडच्या त्या दवाखान्यात शिरलो तर वहिनी बाकावर बसलेली. मला बघून तिनं पदर सारखा केला. माझी तपासणी झाली. जखम चांगली होती. मी उठलो, तशी ती उठून त्याच खुर्चीत बसली.

"माझाबी हालून राहिलाय एक. दोन वर्स झाले. हा बघा."

उजवीकडचा. वरचा. दिसणाऱ्या डोळ्याच्या बरोबर खाली.

डॉक्टरांनी पाहिला. "काढावा लागेल. खाली पू आहे."

"डोळ्याला काई व्हईल का?"

"काही होत नाही, बाई. ठेवला तर धोका आहे."

"तुमी सांगितलं, बरं झालं." मग तिनं मान वळवून एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. "आता तू सांग. त्या दिवशी सांगितलं तसंच, माझ्या तोंडावर."

माझा जबडा अजून दुखत होता. मी शक्य तेवढा उघडला. "काही होत नाही, वैनी. वरचा दात काढल्यानं डोळा जात नाही. मी खोटं बोललो होतो."

डॉक्टर हातातली सुई धरून तसेच उभे राहिले. वहिनीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "काढा."

उमरीच्या गाडीत ती माझ्याशेजारी कापूस चावून बसली होती. उमरी आली तेव्हा कापूस थुंकून म्हणाली, "मला सांगून काय उपेग? माझा डोळा बघून गावात कोणी दात काढंना झालंय. गावाला सांग."

विहार

रविवारी वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. त्याच जागी, जिथून अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं. जयभीम म्हणालो आणि सगळं सांगितलं. चार-पाच मिनिटं लागली असतील. दादा पुढच्या ओळीत खाली मान घालून बसला होता, तो मी बोलून झाल्यावरही वर बघेना. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकून ह्यो असा?" 

मग वहिनी उठली. ओठ वर करून दाताची रिकामी जागा बायकांना दाखवली. पदराच्या टोकाला टोचलेली सुई काढली, दोरा काढला. सगळ्यांसमोर, खिडकीकडं तोंड करून, पहिल्या झटक्यात सुई ओवली आणि हात वर केला.

"चार दिवस झाले काढून. दिसतंय का तुमाला? मला दिसतंय."

तिनं मला माफ केलं असं ती आजवर म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलते, फक्त काही विचारत नाही. "किसनला इचारा" असं आमच्या घरात आता कुणी म्हणत नाही, आणि ते बरं आहे.

त्या दिवशी लोक उठून निघाले तेव्हा शांता दाराशी थांबली होती. गाल अजून सुजलेला, सासू बाजूलाच. तिनं सासूकडं पाहिलं. सासू वाकून चपला शोधू लागली. मग शांतानं पदर गालावरून काढला आणि मला नाही, वहिनीला विचारलं, "मावशी, त्यो डाक्टर टेशनच्या कोनत्या अंगाला हाय?"